एका पट्टीत एक वर्ष

ओंडका बडवायचा. करवत लावायची नाही, रंधा फिरवायचा नाही. कुऱ्हाड उलटी धरायची आणि तिच्या बोथट बाजूनं, घावाला घाव लागून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बडवत जायचं. साल आधीच काढलेली असते, लाकूड ओलं असतं. बराच वेळ काहीच होत नाही. मग टोकाशी लाकडाचा एक पापुद्रा उचलला जातो. तो बोटांत धरून ओढला की सरसरत निघत येतो: दोन बोटं रुंद, पाच-सहा फूट लांब, अखंड, ओलसर पट्टी. ती पट्टी म्हणजे त्या झाडाचं एक वर्ष. पुन्हा बडवायचं, की त्याच्या आधीचं वर्ष.

लाकूड असंही सोलता येतं हे मला आयुष्यात कधी कुणी सांगितलं नव्हतं. सुताराच्या करवतीखाली फळ्या निघताना पाहिल्या होत्या, बुरुडाला बांबू उभा चिरताना पाहिलं होतं. पण झाड ज्या क्रमानं वाढलं त्याच्या उलट क्रमानं त्याला एकेक वर्ष मागं उलगडत नेणारी ही रीत पाहून मी त्या ओल्या गवतात उभ्याउभ्या थक्क झाले. खरं सांगायचं तर अमेरिकेत पाहिलेल्या कुठल्याही उंच इमारतीपुढं माझी अशी अवस्था झाली नव्हती.

ही जागा विस्कॉन्सिन राज्याच्या अगदी उत्तरेला, लेक सुपीरियरच्या दक्षिण काठावर. मिनिआपोलिसला माझा भाचा असतो. "मावशी, नायगारा सगळेच बघतात, तुला मी उत्तरेकडं नेतो," म्हणाला आणि गाडी काढली. डुलुथ गाव मागं पडलं की रस्ता पूर्वेकडं वळतो आणि दोन्ही बाजूंना जंगल सुरू होतं. डाव्या हाताला अधूनमधून सरोवर दिसत राहतं. ८२ हजार चौरस किलोमीटर पसरलेलं गोडं पाणी. पृष्ठभागाचा हिशेब केला तर गोड्या पाण्याचं याहून मोठं सरोवर जगात नाही. काठावर उभं राहिलं की समुद्रच म्हणावा, फक्त वाऱ्याला खारा वास नाही.

या सरोवराच्या चहूबाजूंनी ओजिब्वे लोकांची वस्ती आहे, अमेरिकेत आणि कॅनडातही. ते स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. बॅड रिव्हर या त्यांच्या एका राखीव प्रदेशात नदी सरोवराला मिळते तिथं मैलोन्‌मैल पाणथळ पसरलेलं आहे आणि त्यात त्यांचा जंगली तांदूळ, मनोमिन, पिकतो. २०१२ मध्ये या पाणथळीला रामसर करारातलं आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं स्थान मिळालं. आम्ही गेलो ते या सगळ्या टापूतल्या एका टोपल्या विणणाऱ्या बाईंकडं. साठीच्या आसपासच्या, हाताला घट्टे, बोलणं मोजकं. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांनी मला घराच्या मागच्या अंगणात बसवून दाखवलं ते पाहुणी म्हणून, लिहिण्यासाठी नव्हे. त्या ज्या झाडावर काम करत होत्या ते ब्लॅक अ‍ॅश. दलदलीत, जिथं बाकीची झाडं मुळं कुजून मरतात, तिथं उभं राहणारं.

बडवल्यावर लाकूड का सुटतं, तेही त्यांनीच दाखवलं. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाशी मला वाकायला लावलं आणि नखानं एक वर्तुळ दाखवलं. वसंतात झाडाला एकदम भरपूर पाणी वर चढवायचं असतं, म्हणून त्या सुमाराला तयार होणाऱ्या लाकडात मोठाल्या पोकळ नळ्या असतात, नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढ्या. उन्हाळ्यात त्यावर घट्ट लाकूड चढतं. पुढच्या वसंतात पुन्हा नळ्या. कुऱ्हाडीचे घाव बसले की नळ्यांचा तो सच्छिद्र थर चिरडतो आणि दोन उन्हाळ्यांची घट्ट लाकडं एकमेकांपासून सुटी होतात. पट्टीच्या एका अंगाला चिरडलेल्या नळ्यांचा भुसा चिकटलेला असतो. तो चाकूनं खरवडून काढायचा. इतर झाडांत अशा दोन थरांना आडवे धागे धरून ठेवतात, म्हणून ती कितीही बडवली तरी सुटत नाहीत. ब्लॅक अ‍ॅश सुटतं.

बाईंनी माझ्या एका हातात एक पट्टी दिली, दुसऱ्या हातात दुसरी. एक जाड, टणक. दुसरी कागदापेक्षा थोडीच जाड. "याच ओंडक्यातल्या," त्या म्हणाल्या. "या वर्षी झाड मजेत होतं. या वर्षी त्याचे हाल झाले. पाणी फार कमी पडलं असेल, नाहीतर फार साचलं असेल." जाड पट्ट्या बुडासाठी आणि कडीसाठी, मध्यम जाडीच्या अंगासाठी, आणि हाल झालेल्या वर्षांच्या पातळ पट्ट्या बारीक विणीसाठी. म्हणजे चांगलं वर्ष भार पेलतं आणि वाईट वर्ष नक्षी होतं. हे वाक्य त्यांचं नाही, माझं आहे. पण त्या पट्ट्या हातात धरल्यावर दुसरं काही सुचलंच नाही.

फार जाड पट्टी असली तर तिला टोकाशी चीर देऊन, दोन गुडघ्यांत धरलेल्या लाकडी चिमट्यातून ओढत तिचे पुन्हा दोन भाग करतात. आतून जो पृष्ठभाग उघडा पडतो तो इतका गुळगुळीत आणि चमकदार असतो की मी दोनदा हात फिरवून पाहिला. बाहेरचं लाकूड सायीच्या रंगाचं, गाभ्याकडचं तपकिरी. टोपल्यांवर दिसणाऱ्या गडद-फिक्या चौकटींपैकी पुष्कळशा कुठलाही रंग न लावता, नुसत्या या दोन लाकडांनी होतात.

विणकाम मला वाटलं होतं त्याहून सोपं दिसलं. बूड आधी आखायचं, पट्ट्या पाण्यात भिजवून वर वळवायच्या, आडव्या पट्ट्या एकीवरून एकीखालून घालत न्यायच्या, काठाला दुहेरी कडं बांधायचं. सोपं म्हणजे अर्थात त्यांच्या हातात. पण बाईंच्या दृष्टीनं ही कामाची शेवटची, जवळजवळ विसाव्याची बाजू. खरं काम जंगलात होतं. योग्य झाड सरळ हवं, खालचे आठेक फूट गाठ नसलेलं हवं, पीळ पडलेला नको. त्यातून वर्षांचे थर नीट जाडीचे हवेत. ते बघायला खोडात एक लहानशी पाचर कापतात आणि जमलं नाही तर पुढं जातात. दिवसभर दलदल तुडवून रिकाम्या हातांनी परतणं ही इथं नवलाची गोष्ट नाही. झाड मिळालं की आधी त्याच्या बुंध्याशी चिमूटभर तंबाखू ठेवायची. तंबाखूला ते असेमा म्हणतात. मागितल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि मागताना हात रिकामा ठेवायचा नाही.

या रिवाजाकडं मी सुरुवातीला श्रद्धेची गोष्ट म्हणून पाहत होते. थोडं थांबून पाहिल्यावर त्यातली व्यवहाराची बाजू दिसली. मागायला थांबलेला माणूस झाडाकडं पुन्हा एकदा बघतो. हे तोडायलाच हवं का, शेजारी रोपं आहेत का, उरलेल्या लाकडाचं काय करायचं, हे प्रश्न त्या थांबण्यात येतात.

त्याच घरात भिंतीवर बर्चच्या सालीच्या वस्तू होत्या. टोपल्यांमध्ये ओजिब्वेंची जुनी आणि खास आपली विद्या ही. बर्च म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या झाडाचा भाईबंद. हिमालयात एक जात, इकडं दुसरी, पांढऱ्या खोडाची. त्याच्या सालीला ते विग्वास म्हणतात. तिच्यापासून होड्या झाल्या, घरांची छपरं झाली, विधींच्या नोंदी ठेवायच्या गुंडाळ्या झाल्या आणि मकक नावाचे डबे झाले. वसंतात मेपलच्या झाडांचा गोड रस आटवून केलेली साखर या मककांत वर्षभर राहायची. या सालीत बुरशीला दाद न देणारा एक पदार्थ असतो. जंगलात पडलेला बर्चचा ओंडका पायानं ढकलला तर आतलं लाकूड कुजून माती झालेलं असतं आणि साल मात्र नळकांड्यासारखी शाबूत असते. मी ढकलून पाहिला, शाबूतच होती.

सगळ्यात मोठं आश्चर्य हे की ही साल काढली तरी झाड मरत नाही. जूनच्या अखेरीस आणि जुलैच्या सुरुवातीला थोडे आठवडे असे येतात की बाहेरची साल आतल्या सालीपासून सैल होते. तेवढ्यात खोडावर एक उभी, उथळ चीर द्यायची. चाकू किती खोल जायचा हे सगळं हातावर. बाहेरची साल तेवढी कापली जाते, आतली जिवंत साल शाबूत राहते. आम्ही गेलो तेव्हा नेमके तेच दिवस होते. चीर पुरी झाली आणि साल टचकन आवाज करून आपणहून उघडली; मग त्या बाईंच्या पुतण्यानं दोन्ही हात आत सारून ती खोडाभोवतून सोडवत नेली, एखादं पान उलटावं इतकी हळू. आत ओलं, पिवळसर, लख्ख खोड. झाड उभंच. पुढं त्या जागी काळपट खरबरीत साल येते, ती पुन्हा कामाची नसते. पण झाड पानं फोडत राहतं. चाकू आत गेला तर मात्र झाड हातचं जातं. म्हणून नवख्याला आधी पडलेल्या झाडावर शिकवतात, किंवा तोडणीसाठी आधीच खूण केलेल्या झाडावर.

डबा करताना साल उलटी वळवतात. पांढरी बाजू आत, आतली तांबूस बाजू बाहेर. कापायची, दुमडायची, झाडाच्या बारीक मुळांनी किंवा बासवुडच्या आतल्या सालीच्या दोऱ्यानं शिवायची, काठाला डहाळी बांधायची. थंडीत काढलेल्या सालीवर आतून एक गडद थर राहतो. तो ओलसर करून खरवडला की खालचा फिका रंग दिसतो आणि त्यातून पानं, फुलं, पक्षी उठतात. शाई नाही, रंग नाही. आणखी एक कला पाहिली, ती सांगितली तर खोटी वाटेल. सालीचा अगदी पातळ पापुद्रा घेऊन त्याच्या घड्या घालायच्या आणि तो दातांनी चावायचा. घडी उलगडून उजेडाकडं धरली की चाव्यांच्या खुणांची सममित नक्षी दिसते. शेजारच्या एका आजींनी ती माझ्यादेखत केली, गप्पा मारता मारता.

तिथंच भिंतीवर सालीचं एक उथळ, रुंद भांडं टांगलेलं होतं. ते पाहून मात्र मला काही विचारावं लागलं नाही. ते सूप होतं. बांबूचं नव्हे, बर्चच्या सालीचं, पण काम तेच: भाजून, पायांनी मळून घेतलेला मनोमिन त्यात घेऊन पाखडायचा, टरफल वाऱ्यावर जातं, दाणा राहतो. मी ते हातात घेतलं, मनगट जसं वळवायचं तसं वळवलं, आणि बाई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. "कुठं शिकलात?" म्हणाल्या. आमच्याकडं आजी-पणजीपासून चालत आलंय, म्हटलं. त्यानंतर आमचं बोलणं जरा सैल झालं.

मी त्यांना बर्चच्या खोडावरच्या काळ्या खुणांची गोष्ट विचारली. त्यांच्या पुराणकथांतल्या नानाबोझोची काही गोष्ट आहे, एवढं कुठंतरी वाचलं होतं. त्यांनी मान हलवली. त्या गोष्टी बर्फ पडल्यावर सांगायच्या, उन्हाळ्यात नाहीत. मग मी आग्रह केला नाही, आणि ती गोष्ट इथं लिहीतही नाही.

हा सगळा उद्योग आज चालू आहे त्यामागं मोठी झुंज आहे. १८३७ च्या करारात ओजिब्वेंनी प्रचंड जमीन अमेरिकन सरकारला दिली, पण तिथं शिकारीचा, मासेमारीचा आणि जंगली तांदूळ गोळा करण्याचा हक्क लिहून घेतला. पुढं राज्यांनी तो हक्क धुडकावला. आपल्याच जुन्या रानात पाय ठेवला म्हणून लोकांना पकडलं गेलं. १९८३ मध्ये विस्कॉन्सिनच्या प्रकरणात संघीय अपील न्यायालयानं हे हक्क जिवंत असल्याचं मान्य केलं, आणि १९९९ मध्ये मिल लॅक्स ओजिब्वेंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी तेच सांगितलं. सरकारी राष्ट्रीय जंगलांतून साल, रस, डहाळ्या गोळा करण्याबद्दल १९९८ मध्ये वनखात्याशी स्वतंत्र समझोता झाला. बाईंना ही सालं तोंडपाठ होती. टोपली विणायची तर झाडापर्यंत जाता आलं पाहिजे, इतकी साधी गोष्ट. ती मिळवायला दीडशे वर्षं लागली.

घेतल्यानं झाड संपतं, असंच आपण धरून चालतो. पोटावाटोमी समाजातल्या वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉल किमरर यांनी २०१३ च्या आपल्या 'ब्रेडिंग स्वीटग्रास' या पुस्तकात याच्या अगदी उलट अनुभव मांडला आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांनी पाहणी केली तेव्हा ब्लॅक अ‍ॅशची रोपं टोपल्या विणणाऱ्यांच्या वस्त्यांजवळ जास्त तग धरताना दिसली. विणणारे मोठं झाड नेतात, वर उजेडाला वाट होते, खालची रोपं वर येतात. टोपल्यांच्या काठाला गुंफतात त्या स्वीटग्रास नावाच्या सुगंधी गवताचंही तसंच: बेतानं काढलेलं गवत जोमानं वाढलं, आणि हात न लावलेलं मागं पडलं. बाईंना हे काही नवं नव्हतं. मला मात्र ते समजायला एवढ्या लांब यावं लागलं. जंगल वाचवायचं म्हणजे माणसाला बाहेर ठेवायचं, असं आपल्याकडंही बोलतात, आणि ते किती अपुरं आहे हे मला तिथं कळलं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर बाईंनी मला रस्त्यापलीकडच्या अ‍ॅशच्या राईत नेलं आणि एका झाडाच्या सालीवर बोट ठेवलं. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं, पेन्सिलीच्या जाडीचंही नसेल असं भोक. बोट खाली घसरलं, दुसरं भोक. वर पाहिलं तर शेंडा वाळलेला.

हा एमराल्ड अ‍ॅश बोरर. पाचूसारखा हिरवा, चमकदार, सेंटिमीटरभर लांबीचा भुंगेरा. मूळचा पूर्व आशियातला. बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आला. २००२ मध्ये मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ त्याचा पत्ता लागला. २००८ मध्ये तो विस्कॉन्सिनमध्ये सापडला, २००९ मध्ये मिनेसोटात. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे करतात, झाडाचं अन्नपाणी तुटतं आणि काही वर्षांत ते उभ्याउभ्या वाळतं. अ‍ॅशची कोट्यवधी झाडं अशी गेली आहेत. एकट्या मिनेसोटात अ‍ॅशची जवळजवळ १ अब्ज झाडं आहेत, म्हणजे पुढं काय वाढून ठेवलंय याचा अंदाज यावा. २०१७ मध्ये ब्लॅक अ‍ॅशची नोंद नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या जातींत झाली. आणि झाड गेलं की नुसती टोपली जात नाही. ही झाडं दलदलीतलं पाणी ओढून घेत असतात. ती मेली की पाणी वर येतं, तिथं दुसरं झाडही धरत नाही आणि जंगलाच्या जागी लव्हाळ्यांचं डबकं उरतं.

या लोकांनी हातपाय गाळलेले नाहीत. गावोगाव बिया गोळा करून थंड बियाणे-पेढ्यांत ठेवल्या जात आहेत. ब्लॅक अ‍ॅशला चांगलं बी काही वर्षांच्या अंतरानंच येतं, म्हणून ज्या वर्षी येतं त्या वर्षी सगळे कामाला लागतात. विणणारे ओंडके ओले राहावेत म्हणून पूर्वीपासून पाण्यात टाकून ठेवत. आता संशोधकांनी त्यांच्याबरोबर काम करून दाखवलं आहे की काही महिने बुडवून ठेवलेल्या ओंडक्यातल्या अळ्या मरतात आणि लाकूड विणायला चांगलंच राहतं. मिशिगनच्या केली चर्च या अनिशिनाबे कलावतीला २०१८ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय परंपरा-कला सन्मान मिळाला. त्या टोपल्या विणतात आणि त्याच जोडीला झाड कसं निवडायचं, कसं बडवायचं याच्या नोंदी पुढच्यांसाठी साठवतात, कारण मधल्या एका पिढीला झाडच मिळालं नाही तर हात कशावर बसवायचा? आमच्या बाईंनी परसात रोपं लावली होती, करंगळीएवढी जाड. टोपलीजोगं व्हायला कित्येक दशकं लागतील. त्या स्वतः ते पाहणार नाहीत हे त्यांना पक्कं माहीत आहे, आणि तरी दर आठवड्याला त्या तिथलं गवत काढतात. कामाची एवढी लांबवरची शिस्त मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

मिनिआपोलिस, शिकागो, डेट्रॉइट या भागांत आता मराठी घरं पुष्कळ आहेत आणि उन्हाळ्यात तंबू घेऊन उत्तरेकडं जाणारेही पुष्कळ आहेत. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. शेकोटीची लाकडं घरून गाडीत घालून नेऊ नका. या भुंगेऱ्याला स्वतःच्या पंखांनी जे अंतर कापायला कित्येक वर्षं लागतील, ते तो तुमच्या डिकीतल्या मोळीतून एका रात्रीत कापतो. लाकूड जिथं पेटवायचं तिथंच विकत घ्या आणि तिथंच संपवा. आणि टोपली घ्यावीशी वाटली तर विणणाऱ्याच्या हातून घ्या. परक्याच्या मालाला आदिवासींच्या नावानं विकणं हा अमेरिकेत १९९० च्या कायद्यानं गुन्हा आहे, तरी तसा माल दुकानांत असतो. म्हणून विणणारा कोण, कुठल्या समाजाचा, हे बेधडक विचारा. किंमत ऐकून घासाघीस करू नका. त्या किमतीत दलदलीतले रिकाम्या हातांनी परतलेले दिवसही धरलेले असतात.